डब्यातली चांदी : वाचकांचे प्रश्न, सोनारीणकाकूंची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं, चांदीच्या दागिन्यांबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर पत्रांचा ढीग पडला. सोन्याबद्दल लोक भाव विचारतात. चांदीबद्दल लिहायला बसले की सासू, नणंद, आजी, दृष्ट, पितर, सगळं घर पत्रात उतरतं. सगळ्यांना इथे जागा नाही. ज्या पत्रांमागे घरात वाद चालू आहे ती आधी घेतली आहेत. मी सोनाराची लेक आणि सोनाराचीच सून. माहेर हुपरीचं, म्हणजे पैंजणांच्या गावचं. माहिती कुठे संपते आणि माझं मत कुठे सुरू होतं, ते तुम्हाला कळेलच.

काकू, माझ्या बाळाच्या बारशाला भावानं चांदीचे वाळे आणि बिंदल्या आणल्या, आत्याबाईंनी काळ्या मण्यांच्या मनगट्या, सासूबाईंनी घुंगरू ओवलेला करगोटा आणि गळ्यात घालायला ताईत. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, यातलं काहीच घालू नका. सासूबाई म्हणतात, उघड्या मुलाला दृष्ट लागते. मी दोघांच्या मध्ये. — एक आई, पिंपरी-चिंचवड

गळ्यातलं आजच काढा. त्यात दोन मतं नाहीत. ताईत चांदीचा असो की तांब्याचा, तो दोऱ्यात असतो आणि दोरा झोपेत कुठेही अडकतो. पाळण्याच्या दांडीला बांधायचाही विचार करू नका, महिनाभरात बाळाचा हात तिथे पोचेल. तो देव्हाऱ्यात ठेवा. सासूबाईंना सांगा, तिथे देवाच्या नजरेसमोर आहे. ही पळवाट आहे, पण चांगली चालते.

घुंगरू दुसरा. लहान मुलांच्या दागिन्यातला घुंगरू नेमका तुटतो कुठे, तर वरच्या बारीक कडीपाशी. तिथे झाळ, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, एवढीशी असते. मूल चोखतं, ओढतं, कडी उघडते आणि घुंगरू तोंडात जातो. करगोट्यातला घुंगरू काढून घ्या. बिंदल्यांना लोंबते मणी असतील तर तेही.

राहिले वाळे आणि मनगट्या. कार्यक्रमाला, फोटोला, पाहुण्यांसमोर तासभर घातले तर काही बिघडत नाही. घालण्याआधी वाळा एखाद्या जुन्या सुती पंचावरून सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कड धारदार आहे. सोनाराकडे परत न्या आणि कानस मारून मागा, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. वाळा पायात चढल्यावर आत तुमची करंगळी सहज फिरली पाहिजे. आणि ‘चांदीसारखं’ म्हणून कुणी गिलिटाचं दिलं असेल तर ते घालूच नका. त्यात निकेल असतं आणि तान्ह्याच्या कातडीवर ते उठतं.

आता सासूबाईंची बाजू, कारण त्या वेड्या नाहीत. काळा मणी कशासाठी? बघणाऱ्याची पहिली नजर मुलावर न पडता मण्यावर पडावी, म्हणून. वाळे आजोळहून यायचे, त्यामुळे रांगतं मूल बघणाऱ्याला कळायचं की याला मामा आहे, याच्यामागे माणसं आहेत. आवाजाचाही उपयोग होता. आई चुलीपाशी आणि मूल अंगणात असलं तरी छुमछुम ऐकू येते तोवर काळजी नाही. आणि करगोटा म्हणजे घरातली मोजपट्टी होती. तो काचायला लागला, सैल करून बांधावा लागला, म्हणजे पोर अंग धरतंय. सैल पडला की आजी हळूच म्हणायची, “दूध कमी पडतंय का गं?” तुमच्याकडे आता वजनाचा तक्ता आहे. पण तक्ता नव्हता तेव्हाही बायका डोळे मिटून बसल्या नव्हत्या, एवढं सासूबाईंसमोर म्हणा. बाकीचं सोपं जाईल.

पायात सोनं घालत नाहीत, ते का? — कॉलेजची विद्यार्थिनी, लातूर

सोनं म्हणजे लक्ष्मी, ती पायदळी येऊ नये, असं सांगतात. ते खरं मानणारी घरं आहेत आणि मी त्यांच्या वाटेला जात नाही. पण सोनाराचं म्हणणंही ऐक. पायातला दागिना दगडामातीवर घासतो, एकमेकांवर आपटतो आणि वर्षागणिक झिजतो. चांदी झिजली तर जीव हळहळतो, सोनं झिजलं तर झोप उडते. शिवाय पायातलं सोनं हा कितीतरी ठिकाणी राजानं द्यायचा मान होता. राजपुतान्यातल्या संस्थानांत दरबारकडून मिळाल्याखेरीज सरदारालाही पायात सोन्याचा कडा घालता येत नसे. म्हणजे काही जणांना परवानगी नव्हती, बहुतेकांना ऐपत नव्हती, आणि उरलेल्यांना धर्म सांगितला गेला. हे माझं मत झालं.

माझे यजमान बिजवर. त्यांची पहिली पत्नी आजारपणात गेली, तिची सात वर्षांची मुलगी आमच्याकडेच असते. सासूबाईंनी पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक करून आणला आहे आणि मी तो काळ्या पोतीत ओवून गळ्यात घालावा असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते ओझं वाटतं. नाही म्हटलं तर घरात काही वाईट झालं की माझ्यावर येईल. — नाव नको, सोलापूर जिल्हा

ही चाल जुनी आहे. पहिली गेलेली असेल तर तिच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर ठशानं बाईची आकृती उठवायची. दुसरीनं तो टाक गळ्यात बांधायचा, नाहीतर देव्हाऱ्यात इतर टाकांशेजारी ठेवायचा आणि सणाला नवं लुगडं आधी त्याला दाखवून मग स्वतः नेसायचं. माझ्या वडिलांकडे असे टाक करून न्यायला लोक येत. मागताना आवाज खाली जायचा आणि “सवतीचा” हा शब्द दुकानात कुणी उच्चारायचं नाही. वडील विचारायचे, “गळ्यातला की देव्हाऱ्यातला?” गळ्यातल्याला वर नाकी, म्हणजे दोरा ओवायची कडी, लावावी लागते, म्हणून. बाकी काही विचारायचं नाही, असा रिवाज.

म्हणजे देव्हाऱ्यातला हाही पर्याय परंपरेतलाच आहे, मी आज काढलेला नाही. सासूबाईंना तेवढंच सांगा. टाकाची नाकी सोनार पाच मिनिटांत काढून देईल. त्याला कुलदैवताच्या टाकांच्या ओळीत जागा द्या आणि नैवेद्य दाखवायचा तो सगळ्यांना मिळून दाखवा.

एक गोष्ट मात्र मला पत्रात दिसली नाही. त्या मुलीला कुणी विचारलं का? तिच्यासाठी तो सवतीचा टाक नाही, आईचा आहे. दर अमावास्येला चिंच लावून टाक घासायचं काम तिच्याकडे द्या. माझ्या ओळखीच्या एका घरात असंच केलं होतं. तिथल्या आजीबाईंचा गळ्यातला हट्ट त्यानंतर आपोआप बंद पडला. त्यांना भीती कशाची होती, तर गेलेलीला घर विसरेल याची. वाईट काही झालं तर तुमच्यावर येईल म्हणता, तर येणारं तसंही येतं. गळ्यात टाक असला तरी लोक ‘मनापासून घातला नव्हता’ म्हणतात.

आजेसासूबाईंचे पायातले तोडे माझ्याकडे आलेत. त्या सांगायच्या, “पन्नास रुपये भाराचे आहेत.” परवा तालुक्याच्या गावी सराफानं वजन केलं, ५६१ ग्रॅम भरले. तो म्हणाला छप्पन्न तोळे. पन्नासाचे छप्पन्न कसे झाले? आणि घरात मोडायचं चाललंय. चांदीचा भाव बघता दिराच्या ट्रॅक्टरचे हप्ते फिटतील म्हणतात. माझं मन होत नाही. — आटपाडी तालुका

वाढले नाहीत, कमी झालेत. कसे ते सांगते.

आजेसासूबाईंचा रुपया म्हणजे चांदीचा रुपया, राणीछाप किंवा त्यानंतरच्या राजांचा. त्याचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. घरात वजनं नसली तरी रुपये असायचे. तराजूच्या एका पारड्यात दागिना आणि दुसऱ्यात रुपये, म्हणून ‘रुपये भार’. ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर. त्या हिशेबानं पन्नास भार म्हणजे ५८३ ग्रॅम. सराफाचा तोळा आजचा, दहा ग्रॅमचा. त्याच्या भाषेत ५६१ ग्रॅम म्हणजे छप्पन्न तोळे होतात, पण आजेसासूबाईंच्या भाषेत ते अठ्ठेचाळीस रुपये भार आहेत. मधले बावीस ग्रॅम गेले कुठे? शेताच्या बांधावर, विहिरीच्या पायऱ्यांवर, एकमेकांवर घासून. तोडे हातात घ्या आणि आतली, घोट्याच्या हाडाला लागणारी बाजू बघा. बाहेरच्या बाजूचा पीळ बोटाला स्पष्ट लागेल, आतला सपाट झालेला असेल.

ते तोडे बहुधा रुपयेच आटवून केलेले असणार. खेड्यापाड्यांत तीच पद्धत होती. घरची माणसं डोळ्यांदेखत रुपये मोजून द्यायची आणि सोनार त्यांच्यासमोर मुशीत टाकायचा, म्हणजे भेसळीची शंका नको. त्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, म्हणजे साधारण ९१.७ टक्के. १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ ला रुपया निकेलचा झाला. म्हणून चाळीसच्या आधी घडलेला दागिना आणि नंतरचा, यांत मोडीला फार फरक पडतो. आजेसासूबाईंचं लग्न कोणत्या साली झालं, ते घरात विचारा. सराफापेक्षा ती तारीख जास्त सांगेल.

मोडायचेच असतील तर टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती, ते काढून घ्या. यंत्रावर ठेवून लगेच आकडा सांगतात, पण ते यंत्र वरचा पृष्ठभाग वाचतं. खोल कानस मारून आतली चांदी दाखवा, शिवाय जोडाची झाळ कुठे आहे ते बघून तिथला आकडा वेगळा घ्या. समजा टंच ८८ निघाला, तर ५६१ ग्रॅममध्ये शुद्ध चांदी साधारण ४९४ ग्रॅम. भाव त्या ४९४ ग्रॅमचा मागा. वजन, टंच आणि कपात, तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. “जुनी चांदी, सत्तर टक्केच धरतो आम्ही” असं म्हणणाऱ्याचं दुकान सोडा. तोडे पोकळ आणि आत लाख भरलेले तर नाहीत ना, हेही बघा. दगडावर हलकेच आपटले की भरीव चांदी खणकते, लाखेची बद्द वाजते. आणि तुम्ही तर आटपाडीच्या. खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं देशभर सोनंचांदी गाळायच्या धंद्यात आहेत. भावकीत एक तरी कोइमतूरला नाहीतर कानपूरला असेलच. त्याला एक फोन लावा.

आता मन होत नाही म्हणता, त्याबद्दल. चांदी अंगावर असली की रक्षण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. मी ते रक्षण सासऱ्यांच्या पेढीवर पाहिलंय. बहात्तरच्या दुष्काळात बायका फडक्यात बांधून चांदी घेऊन यायच्या. आधी तोडे, कारण वजन त्यांत. मग वाक्या, मग गळ्यातली सरी. धान्याचा भाव विचारूनच बाई दागिन्याचा भाव विचारायची. जोडवी कुणी आणली नाहीत. सुकाळातही हेच चक्र फिरायचं. मिरगाच्या आधी बियाण्यासाठी तोडे गहाण पडायचे आणि सुगीला सुटून पायात यायचे. कधी सुटायचे नाहीत. म्हणून तोडे मोडणं हे पाप वगैरे मुळीच नाही. ते त्याचसाठी केलेले असतात.

पण कुणासाठी मोडायचे, हे ज्या बाईचे त्या बाईनं ठरवायचं. दिराच्या ट्रॅक्टरसाठी मोडायचे तर ट्रॅक्टरच्या कागदावर तुमचं किंवा तुमच्या यजमानांचं नाव आहे का? नसेल तर ते उसने आहेत, असं चार माणसांत बोलून घ्या. स्त्रीधन नवऱ्याच्या किंवा सासरच्या ताब्यात असलं तरी मालकी बायकोचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. आजेसासूबाईंनी तोडे तुमच्या हातात दिले असतील तर ते घरचे नाहीत, तुमचे आहेत. मोडण्याऐवजी गहाण ठेवायचाही मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये काढलेल्या नियमांत सोन्याबरोबर चांदीच्या दागिन्यांवरचं कर्जही धरलंय. सावकारापेक्षा बँकेत आधी विचारा.

वडील गेले तेव्हा आईची जोडवी काढली. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे आणि मला वाटतं तिनं त्या दिवशी जोडवी घालून माझ्याशेजारी उभं राहावं. काका चिडले. ते म्हणतात, जोडव्यानं पायाची नस दाबून गर्भाशयाला ताकद मिळते, ते शास्त्र आहे, अठ्ठावन्नाव्या वर्षी तुझ्या आईला त्याची गरज काय? — जालना

काकांचं शास्त्र मोबाइलवर आलेलं आहे. माझी आजी, पणजी, दुकानात आलेल्या शेकडो बायका, यांतल्या एकीच्याही तोंडून मी नस आणि गर्भाशय ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, ‘अहेवपणाचं लेणं’. बस. पायाच्या दुसऱ्या बोटातल्या कडीनं गर्भाशयाला काही होतं याला वैद्यकात आधार नाही. आणि असता, तर मग कुमारिकांना आणि विधवांनाही घालायला दिली असती की. आरोग्य काय फक्त नवरा असलेल्यांना हवं असतं?

जोडवी हे पायावर लिहिलेलं नातं होतं. पदर डोक्यावर, मान खाली, समोरच्या बाईची नजर पायावर. जोडवी दिसली की बोलायचं कसं ते ठरायचं. त्यात पुन्हा पोटभेद. दुसऱ्या बोटात जोडवी, शेजारी विरोद्या, मासोळ्या, अंगठ्यात अनवट. कोण कुठल्या गावची, कुठल्या घरातली, हे जाणत्या बाईला मासोळीच्या घडणीवरून कळे.

आणि काढलेली जोडवी आमच्याकडे येतात, ती कशी येतात ते सांगते. तिचा भाऊ किंवा मुलगा घेऊन येतो, ती स्वतः कधीच नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली. जोडवं बहुधा कापलेलं असतं. तीस-चाळीस वर्षांत बोट जाड होतं, जोडवं निघत नाही, मग कुणीतरी कातरी लावतं. कापलेली दोन टोकं फाकलेली असतात. बाहेरून नक्षी काळवंडलेली, आतून मात्र चांदी आरशासारखी, कारण आतून ती बोटानं रोज घासलेली असते. तळाशी, चालताना जमिनीला लागतो तिथे, कागदाइतकी पातळ. तो मुलगा म्हणतो, “मोडीत घ्या.” वजन सहा-सात ग्रॅम. मी त्याला विचारते, “आईला विचारलंस का?” बहुतेकांनी विचारलेलं नसतं.

म्हणून तुला पहिलं उत्तर हेच : काकांना सोड, आईला विचार. आणि असं विचार की तिला नाही म्हणता येईल. पुष्कळ बायकांना परत घालायची नसतात. कुणाला जड जातं, कुणाला लोकांची नजर नको असते, कुणी म्हणते आता पाय मोकळे बरे वाटतात. तिनं नाही म्हटलं तर तुझ्या लग्नाच्या फोटोसाठी तिला गळ घालू नकोस. हट्ट काकांचा असो की तुझा, तिच्यासाठी सारखाच.

ती हो म्हणाली तर काकांना हेरवाडचं नाव सांग. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं गाव. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव केला म्हणजे मनं बदलली असं नाही. आमच्या भागात अजूनही दोन्ही चालतं. पण ‘समाजाला चालत नाही’ असं आता काकांना म्हणता यायचं नाही. कुठल्या समाजाला, असं विचारता येतं.

जुनी जोडवी डब्यात असतील तर तीच झाळून दुरुस्त होतात. तळ पातळ झाला असेल तर आतून पट्टी द्यावी लागेल. पण तीच घालायची की नवी, हेही तिलाच ठरवू दे. काही जणींना जुनीच हवी असतात, काहींना ती बघवत नाहीत. नवी घेतलीत तर उघडी, दाबून लहानमोठी होणारी घ्या. इतक्या दिवसांनी माप बदललेलं असतं.

ऑनलाइन घेतलेली ‘ट्रायबल’ चांदीची मोठी झुंबरं मी कॉलेजच्या कार्यक्रमात केसांत माळली. माझ्या गोरबंजारा मैत्रिणीची आजी बघून हसली आणि म्हणाली, “लगीन कधी झालं गं तुझं?” मला कळलं नाही, मैत्रीण सांगेना. — पुणे

तू बहुधा घुगरी-टोपली माळलीस. कानशिलाजवळ बटांना बांधून दोन्ही बाजूंना सोडायचा दागिना. तांड्यावर तो लग्न झालेल्या बाईचा. आजी हसली म्हणजे रागावली नाही, पण तू मंगळसूत्र घालून फिरावंस आणि कुणी विचारू नये, तसं ते झालं. मी गोर नाही, सोनारीण आहे, तेव्हा त्यातलं बारीकसारीक त्या आजीलाच विचार. यवतमाळ, वाशीमकडच्या म्हाताऱ्या बायका अजून नीट सांगतात. केसांतला चोटला कुठे, गळ्यातली हासळी कुणी आणि कधी घालायची, सगळं. जाताना तुझी झुंबरं बरोबर ने. ऑनलाइनची असतील तर बहुतेक व्हाइट मेटल निघतील. जर्मन सिल्व्हर म्हणून विकतात त्यातही चांदी नावालासुद्धा नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. आजीच्या हातात दिल्यावर वजनावरून ती क्षणात सांगेल.

आजोबांच्या लहानपणीची वाघनखं, चांदीत मढवलेली, आमच्या डब्यात आहेत. नातवाच्या गळ्यात घालावीत का? की विकावीत? — नाशिक

दोन्ही नको. मुलाला वाघाचं बळ यावं, वाईटसाईट जवळ येऊ नये, म्हणून घालत असत, ते ठीक. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वाघाच्या नखाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. वडिलोपार्जित असलं तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं. असा साठा जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत मिळाली होती, ती कधीच संपली. घरात प्रमाणपत्र नसेल तर आधी वकिलाला भेटा आणि त्याच्यामार्फत वनखात्याशी बोला. समाजमाध्यमांवर फोटो टाकू नका. सोनाराकडे चांदी सोडवायला नेऊ नका, आम्हीही अडकतो. पुष्कळ डब्यांतली नखं शिंगाची किंवा हाडाची नक्कल निघतात, तुमचीही निघतील कदाचित. पण ते तुम्ही किंवा मी नजरेनं ठरवायचं नाही, वनखातं ठरवेल.

काळे पडलेले पैंजण टूथपेस्टनं घासले तर चालेल का? — एक वाचक, पणजी

नको. ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी चांदी आणखी लवकर काळवंडते. समुद्राकाठी ती लवकर काळी पडते हे खरं, दमट हवेत गंधक चांदीला पटकन धरतं. साधे पैंजण असतील तर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, वर पैंजण ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि कडकडीत पाणी ओता. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, काळेपणा निघतोय. दोन-तीन मिनिटांनी काढून धुवा आणि पूर्ण कोरडे करा, घुंगरांच्या फटींतही पाणी राहू देऊ नका. मिना केलेले, खड्यांचे किंवा लाख भरलेले दागिने मात्र गरम पाण्यात घालू नका. जुन्या नक्षीच्या खोबणीतला काळेपणा घालवूच नका, तो गेला की नक्षी पुसट दिसते. रोज घालत असाल तर यातलं काहीच करावं लागत नाही, रोजच्या वापरानं चांदी आपोआप उजळ राहते.